पाण्याखालची शाळा

विहिरीत कळशी पडली, की गावातला एखादा पोऱ्या कमरेला दोर बांधून खाली उतरतो. तळाशी चाचपडतो, कळशीचा काठ धरतो आणि वर येतो. वर आल्याबरोबर पहिल्याने काय करतो, आठवा बरे? मान तिरकी करून कानावर हात मारतो. कान दुखतात म्हणून सांगतो. आपण म्हणतो, कानात पाणी गेले असेल. पाणी गेलेले असतेच, पण दुखते ते पाण्याच्या भाराने. ह्या भारापासून सुरुवात करून एका नव्या व्यवसायाची ओळख मला आज तुम्हांला करून द्यावयाची आहे. माणसांना समुद्राच्या तळाशी नेऊन सुखरूप परत आणावयाचे, आणि त्या तळाशी जे जीव वस्तीला आहेत त्यांना ह्याच माणसांपासून सुखरूप ठेवावयाचे, असा हा दुहेरी व्यवसाय आहे. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव डायव्हिंग इन्स्ट्रक्टर. आपण बुडी-शिक्षक म्हणू.

मी स्वतः अंधेरीच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. माझा समुद्र नकाशावरचा. संध्याकाळी वर्सोव्याच्या वाळूत चार पावले टाकली, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घेतला, की माझी समुद्राशी भेट संपली. तिथेच जवळ केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेत माशांवर नि पाण्यावर मोठमोठे अभ्यास चालतात. तिच्या फाटकावरून मी वर्षानुवर्षे गेलो, पण पाण्याच्या आत काय आहे, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो पाडला माझ्या एका विद्यार्थ्याने.

हा मुलगा मुलुंडचा. कालिदास नाट्यगृहाच्या आवारातल्या तरणतलावात पोहायला शिकलेला. पदवी घेतली, एका कचेरीत चिकटला, नि दोन वर्षांनी नोकरी सोडून मालवणला गेला. त्याची आई माझ्या घरी आली आणि म्हणाली, “सर, तुम्ही तरी त्याला सांगा. लोक वर यायला धडपडतात, आणि हा बुडायचा धंदा शिकतोय.” मी सांगायला म्हणून मालवणला गेलो, आणि सांगायचे ते राहूनच गेले. का राहिले, ते ऐका.

आधी तो भार. आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि त्याचा भार आपण जन्मापासून वाहतो, म्हणून तो जाणवत नाही. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड. समुद्रात केवळ १० मीटर खाली गेलात, की साऱ्या वातावरणाचा जेवढा भार, तेवढाच आणखी एक भार तुमच्या अंगावर पडतो. २० मीटरांवर तिप्पट, ३० मीटरांवर चौपट. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात हे दाखवायला काही खर्च नाही. काचेच्या पेल्याच्या बुडाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा आणि पेला उपडा करून बादलीत सरळ खाली दाबा. कागद कोरडा राहील, कारण आतल्या हवेने जागा सोडलेली नाही. पण नीट पाहा, पेल्याच्या तोंडाशी पाणी किंचित वर चढलेले दिसेल. हवा दबली आहे. हाच पेला १० मीटर खोल नेला, तर निम्मा पेला पाण्याने भरेल. हवा तेवढीच राहील, पण जागा निम्मी घेईल.

तुमच्या कानाच्या पडद्यामागे अशीच हवेची एक छोटी खोली आहे. खाली जाताना ती हवा आकसते, पडदा आत ओढला जातो आणि ठणका लागतो. त्यावर उपाय सोपा: नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकात फुंकायचे. घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीतून हवा आत जाते आणि पडदा जागेवर येतो. दुखायला लागण्याच्या आधी हे करायचे, नि दर हातभर खोलीला करीत राहायचे. सर्दी झालेल्या माणसाची ती नळी बंद असते. म्हणून सर्दी असेल त्या दिवशी बुडी नाही. मालवणला गेल्यावर कोणी ‘चालतंय हो’ म्हणाला, तरी चालवून घेऊ नका.

पूर्वीचे पाणबुडे छातीत मावेल तेवढ्या श्वासावर खाली जात. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो हा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता ह्या दोघांनी एक झडप तयार केली. पाठीवरच्या नळकांड्यात दाबून भरलेली हवा ही झडप माणसाला पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढी, आणि त्या खोलीला जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाने देते. ह्या साधनाला स्कूबा म्हणतात. नळकांड्यात प्राणवायू असतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, आपली साधी हवाच असते, गाळून, कोरडी करून भरलेली. १२ लिटरच्या नळकांड्यात २०० पट दाबाने भरली, म्हणजे सुमारे २,४०० लिटर हवा झाली. शांत माणूस १० मीटरांवर ती तासभर पुरवील. घाबरलेला माणूस अर्ध्या तासात संपवील. मग शिक्षकाचे पहिले काम काय असेल? शांत श्वास घ्यायला शिकवणे. पोहणे नंतर.

त्याहूनही मोठा नियम एकच आहे, आणि तो मोडला तर माणूस जातो. पाण्याखाली श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. आपल्याला लहानपणापासून बरोबर उलटे शिकवलेले असते: पाण्यात गेलास, श्वास धर. विहिरीत उडी मारणाऱ्याला ते ठीक, कारण त्याने छातीत भरलेली हवा वरचीच असते. पण १० मीटर खाली छातीभर दाबाची हवा घेतली आणि श्वास कोंडून वर आला, तर ती हवा दुप्पट फुगणार. फुप्फुस फाटते. भ्यालेला माणूस नेमके हेच करतो. म्हणून शिक्षक त्याला आधी टाकीत, छातीएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवून, तेच ते पुन्हा पुन्हा करायला लावतो: तोंडातली नळी काढ, बुडबुडे सोडत राहा, नळी शोध, परत लाव. मुखवट्यात पाणी भर, नाकाने फुंकून बाहेर काढ. एकाच गोष्टीची घोकंपट्टी. पाढे पाठ करून घेणाऱ्या माझ्या जुन्या गुरुजींची मला आठवण झाली. फरक एवढाच की इथे तोंडी परीक्षा तोंड बंद ठेवून द्यावी लागते.

पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे सगळा कारभार हातांच्या खुणांनी चालतो. अंगठा आणि तर्जनी यांचे वाटोळे केले, की ‘ठीक आहे’. पंजा आडवा डुलवला, की ‘काहीतरी बिघडले’. आणि अंगठा वर केला, म्हणजे? आपण म्हणू, झकास. तिथे त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. ह्या घोटाळ्याने मी टाकीतून तीनदा वर आलो. प्रत्येक खेपेस मी त्याला ‘झकास चाललंय’ म्हणून अंगठा दाखवी आणि तो इमानेइतबारे मला वर आणी. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “सर, तुम्ही वर्गात आम्हांला खुणांची सूची आधी वाचा म्हणायचात.”

असा शिक्षक एका दिवसात होत नाही. पहिल्या पायरीला १८ मीटरांपर्यंत जायची मुभा. मग पुढची पायरी, मग दुसऱ्याला वाचवण्याचे शिक्षण, मग मार्गदर्शक, आणि शेवटी शिक्षक. शंभराच्या घरात बुड्या वहीत नोंदवलेल्या असल्यावाचून शिक्षकाची सनद मिळत नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने मालवणजवळ तारकर्लीला ह्याच शिक्षणासाठी एक संस्था २०१५ साली सुरू केली. तिच्यासाठी मुद्दाम खोल तलाव बांधला. ज्यांच्या बापजाद्यांनी जाळ्यांवर संसार केले, अशा किनाऱ्यावरच्या कित्येक तरुणांनी गेल्या पंधरा वर्षांत ही विद्या हस्तगत केली आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ आणि स्वतः बुडी-शिक्षक असलेले डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव मालवणकडच्या ह्या साऱ्या कामाशी जोडलेले आहे. शास्त्र आणि बुडी एकाच माणसात असली, म्हणजे काय साधते, ते पुढे येईलच.

आता तळाशी चला. काय आहे तिथे? प्रवाळ आहे. हा शब्द ऐकला की आपल्याला अंगठीतले पोवळे आठवते. नवरत्नांतले, मंगळाचे. ते लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते, आणि प्राचीन काळापासून आपल्याकडे येत आलेले आहे. मालवणचे प्रवाळ त्याचे लांबचे नातेवाईक. ते लाल नाही आणि अंगठीत घालण्यासारखेही नाही. तपकिरी, हिरवट, पिवळसर, कुठे गोल दगडासारखे, कुठे पानांच्या द्रोणासारखे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला खडकच वाटतो. मलाही वाटला, आणि तिथेच घोटाळा झाला.

प्रवाळ म्हणजे दगड, की झाड, की प्राणी? हा प्रश्न मी पुष्कळ शाळांत विचारून पाहिला आहे. मुले वाटून घेतात, काही दगड म्हणतात, काही झाड. उत्तर आहे प्राणी. पण चुकलेल्या मुलांनाही मी निम्मे गुण देतो, कारण त्यांचे सर्वस्वी चुकलेले नसते. ज्वारीच्या दाण्याएवढा, काही जातींत त्याहून लहान-मोठा, पिशवीसारखा एक जीव. वरच्या बाजूला तोंड, तोंडाभोवती बारीक हातांचे कडे. रात्री हे हात पसरून तो पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. हा जीव आपल्या बुडाखाली चुन्याची बैठक बांधतो. असे हजारो जीव शेजारी शेजारी, एकमेकांना चिकटून, एकच चाळ बांधतात. पिढ्या जातात, चाळ वाढते. हे झाले दगडाचे उत्तर. झाडाचे उत्तर असे, की ह्या जीवाच्या अंगात, कातडीच्या आत, एक सूक्ष्म शेवाळ वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाडे म्हणून देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः ह्या भाडेकरूचाच.

वाढीचा हिशेब मात्र ध्यानात ठेवा. फांद्याफांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही बोटे वाढतात. मालवणला अधिक दिसणारे गोल, गच्च प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतात, फार तर एखादा सेंटिमीटर. म्हणजे डोक्याएवढा एक गोळा तुमच्या आजोबांच्या वेळचा असू शकतो.

भारतात प्रवाळांची मोठी ठिकाणे चार: कच्छचे आखात, मन्नारचे आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप, आणि अंदमान-निकोबार. भूगोलाच्या पुस्तकात एवढीच असतात. पण राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावर, महाराष्ट्राच्या हद्दीतही, जिवंत प्रवाळ असल्याचे लिहिले. रत्नागिरी, मालवण ही नावे त्यात आली. आमचे पाणी गढूळ, पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येणारा. प्रवाळांना स्वच्छ, उजेडाचे पाणी लागते. तरीही ह्या काटक जाती इथल्या खडकांना धरून राहिल्या. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्या सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, त्याच्या तटाभोवतीच्या पाण्यात हे प्रवाळ आहेत. तट पाहायला लाखो लोक गेले. तटाच्या पायथ्याशी पाण्यात दुसरी एक बांधकामाची मंडळी मुकाट्याने काम करते आहे, हे आपल्याला फार उशिरा कळले.

१९८७ साली सरकारने तिथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला सिंधुदुर्ग, पद्मगड आणि आसपासचे खडक धरून ३ चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. मालवणच्या मच्छीमारांनी ह्या अभयारण्याला कडवा विरोध केला. मुंबईत बसून त्यांना अडाणी म्हणणे फार सोपे आहे. ज्या पाण्यात आजोबाने रापण ओढली, ते पाणी एका सकाळी कागदावर दुसऱ्याचे झाले, तर तुम्ही-आम्ही काय केले असते? शेताच्या बांधावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडतो. इथे तर सारे शेतच जायची भीती होती. अभयारण्य कागदावर राहिले आणि दोन्हीकडे अविश्वास राहिला. पुढे २०११ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जो प्रकल्प चालला, त्यात निराळा विचार होता. प्रवाळ जिवंत राहिले तर किनाऱ्यावरच्या पोराला रोजगार मिळेल, असे काही करावे. बुडी-पर्यटन हा त्यातला एक मार्ग. आणि खरोखरच मिळाला. ज्या घरात एक होडी होती, त्या घरात आता हवा भरायचा कॉम्प्रेसर आहे.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता कडू भाग.

मी २०२३ च्या जानेवारीत पहिल्यांदा समुद्रात उतरलो. मतलई वारा पडलेला, पाणी त्यातल्या त्यात निवळ. होडीवरच्या म्हाताऱ्या तांडेलाने मला बजावले होते, “मास्तरांनू, पाय टेकू नकात. खाली जीव आसत.” मी मान हलवली. खाली गेलो, सहा-सात मीटरच असेल. रुपेरी माशांचा एक थवा अंगावरून गेला, आणि माझा तोल गेला. तोल गेलेल्या माणसाचा पाय जे करतो, तेच माझ्या पायाने केले: जमीन शोधली. खाली एक तपकिरी वाटोळा खडक होता, त्यावर मी टाच रोवली. विद्यार्थ्याने मला पाठीवरच्या नळकांड्याला धरून उचलले. मी खाली पाहिले, तर तपकिरी गोळ्यावर माझ्या टाचेएवढा पांढरा खरवडा उमटला होता. वर आल्यावर तो काही बोलला नाही. वहीत काहीतरी लिहिले. वर्गात माझ्याकडून चूक झाली, की हीच मुले किती हसायची! त्या दिवशी त्याने हसायला हवे होते, असे मला वाटले.

मी एकटा अपराधी नाही. मोसमात मालवणला रोज शेकड्यांनी माणसे उतरतात. बहुतेकांना पोहता येत नाही. किनाऱ्यावर दहा मिनिटे सूचना, मग मार्गदर्शक पाठीचे नळकांडे धरून त्यांना खाली नेतो, छायाचित्र काढतो, वर आणतो. ह्यात माणूस सुरक्षित राहतो, मार्गदर्शक पट्टीचे असतात. पण पायात पंखे घातलेली, भांबावलेली माणसे त्याच त्या खडकावर दिवसभर उतरत राहिली, तर खडकावरच्या जिवांचे काय होत असेल? कुठे टाच, कुठे गुडघा, कुठे पंख्याने उडवलेली वाळू, कुठे होडीचा नांगर. छायाचित्रात मासे यावेत म्हणून कोणी पाव चुरून टाकतात. शेवाळ खाऊन खडक साफ ठेवणारा मासा पावाच्या मागे लागतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणच्या ह्या पर्यटनाचा अभ्यास करून २०२० साली त्यावर लेख लिहिला. पर्यटनातून येणारा पैसा आणि बुड्यांमुळे प्रवाळांची होणारी मोडतोड, दोन्ही त्यात मांडलेली आहेत. गाईच्या दुधावर घर चालायचे आणि गाईचा चारा घरच्यांनीच तुडवायचा, असा हा प्रकार.

मग शिक्षकाने काय करायचे? माझ्या विद्यार्थ्याने जे केले, ते सांगतो. पहिली गोष्ट, नांगर. त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी ठराविक जागी वाळूत कायमचे वजन टाकून त्याला तरंगता पिंप बांधला. होडी पिंपाला बांधायची, नांगर टाकायचा नाही. दुसरी गोष्ट, नवख्या माणसाला प्रवाळांवर न्यायचेच नाही. आधी वाळूच्या तळावर न्यायचे. तिथे त्याला अधांतरी तरंगता आले, श्वास घेतला की तळहातभर वर, सोडला की तळहातभर खाली, एवढे जमले, तरच पुढे. तिसरी गोष्ट, पाव नाही.

ह्यात त्याचे नुकसान झाले. वाळूवर काय पाहायचे, असे गिऱ्हाईक म्हणते, आणि शेजारची होडी धरते. नाताळच्या आठवड्यात एकदा मुंबईहूनच एक मोठी टोळी आली होती. त्यांना वेळ नव्हता, सरळ प्रवाळांवर न्या म्हणाले. ह्याने नाही म्हटले. ते दुसरीकडे गेले. त्या एका दिवसाच्या मिळकतीत त्याचा महिन्याचा होडीचा हप्ता भागला असता. रात्री त्याचा मालवणी जोडीदार त्याला म्हणाला, तू मुंबईवाला, तुझ्या आईला पेन्शन आहे. मला दोन पोरी आहेत. ह्या म्हणण्याला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नाही. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत समुद्र बंद. बारा महिन्यांची चूल आठ-नऊ महिन्यांत पेटवून ठेवायची. एकट्याने नियम पाळला तर तो उपाशी, आणि सगळ्यांनी पाळला तर कोणीच नाही. आपल्या पाणीवाटपासारखेच आहे हे. शेवटी त्या जोडीदारानेच वाट काढली: दिवसाला ठराविक माणसे, पण दर थोडा वाढवायचा, आणि वाळूवरच्या शिक्षणाचे एक कागदी प्रमाणपत्र द्यायचे. प्रमाणपत्राची आवड आपल्या लोकांना फार! त्यावर बरीच गिऱ्हाइके टिकली. सगळी नाही.

कायदाही आहे, तो सांगून ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे जिथे वाघ आहे तिथेच, २००१ पासून प्रवाळ आहेत. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडा दिवाणखान्यात ठेवायला नेणे हादेखील गुन्हा आहे. सहलीला मुले नेणाऱ्या शिक्षकांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

टाच आणि नांगर यांच्यापलीकडचे एक संकट आहे, आणि ते शिक्षकाच्या हातात नाही. उन्हाळ्यात समुद्राचे पाणी नेहमीच्या कमाल उष्णतेपेक्षा एक अंशाने जरी वर गेले, आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळाच्या अंगातले ते भाडेकरू शेवाळ बाहेर पडते. प्रवाळ पांढरा फटक पडतो. ह्याला विरंजन म्हणतात. पांढरा पडला म्हणजे मेला असे नव्हे, पण त्याची उपासमार चालू झाली. पाणी लवकर निवले तर शेवाळ परत येते. न निवले तर चाळ ओस पडते. १९९८ साली हिंदी महासागरात फार मोठे विरंजन झाले. २०१५ च्या सुमारास मालवणच्या प्रवाळांवरही त्याची नोंद झाली. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरचे चौथे विरंजन चालू असल्याचे जाहीर केले.

अशा वेळी बुडी-शिक्षकाचा उपयोग तलाठ्यासारखा होतो. शास्त्रज्ञ वर्षातून दोनदा येतील. शिक्षक रोज खाली जातो. कुठला गोळा कधी फिका पडला, पाणी किती अंश होते, ही पाहणी त्याच्याच वहीत सापडते. शिवाय मोडून पडलेले जिवंत तुकडे गोळा करून ते सिमेंटच्या चौकटीवर किंवा खडकावर बसवायचे, लावणीसारखी त्यांची नवी लावणी करायची, हेही काम सिंधुदुर्गात झाले आहे. भाताच्या रोपाप्रमाणे काही जगतात, काही जात नाहीत, म्हणजे तिथे रुजतच नाहीत. पाणी तापले तर नवी लावणी आणि जुनी चाळ दोन्ही सारखीच होरपळतात, हे मात्र विसरून चालत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे मालवणचे. मुंबईत काय? मुंबईतही आहे. हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर, जिथे शहराचे सारे सांडपाणी जवळ, तिथे जिवंत प्रवाळ सापडले. सागरी किनारा रस्त्याच्या भरावाखाली ते जाणार, म्हणून वनखात्याची परवानगी काढून २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन बसवल्या. बशीएवढ्या, वाटीएवढ्या वसाहती. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप पाहून उपनगरातल्या गाडीत लोक हसत होते. मीही तेव्हा हसलो होतो. तेव्हा माझी टाच अजून कुठे पडायची होती!

आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ते ओळखले जाते, आंग्रिया बँक. माथ्यावर पाणी जेमतेम २० मीटर. तिथले पाणी निळे, स्वच्छ, आणि प्रवाळ मालवणपेक्षा कितीतरी समृद्ध. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची एक तुकडी जहाजाने तिथे जाऊन पाहणी करून आली. माझ्या विद्यार्थ्याला एकदा तिथे उतरायचे आहे. त्याच्या आईला अर्थातच अजून सांगितलेले नाही.

गेल्या खेपेस, डिसेंबर २०२४ मध्ये, मी पुन्हा मालवणला गेलो. ह्या वेळी वाळूवर दोन दिवस घोकंपट्टी केली. अधांतरी राहता येऊ लागले, पोट आत ओढून, श्वास मोजून. तिसऱ्या दिवशी त्याने मला त्याच जागी नेले. पिंपाच्या दोराला धरून आम्ही उतरलो. तो तपकिरी गोळा मला ओळखता आला नसता. त्याने बोट दाखवले. माझ्या टाचेच्या जागी आता हिरवट, मऊ शेवाळ होते, आणि कडेने तपकिरी कातडी आत सरकत येत होती. जवळजवळ दोन वर्षांत करंगळीच्या नखाएवढी. मी अंगठा वर करणार होतो. वेळेवर आठवले, आणि वाटोळे केले.